जुनी मियाटा घेताना पाणी कुठं मुरतंय ते आधी बघा

११६ हॉर्सपॉवर म्हटलं की आज कुणीही नाक मुरडेल. पण १९८९ च्या माझदा एमएक्स-५ चं, अमेरिकेतल्या मियाटाचं, वजन हजार किलोच्या आत आहे. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांवर, सीट दोनच. परवडणाऱ्या स्पोर्ट्स कारचं सगळं गणित या वजनात आहे: गाडी हलकी, म्हणून १.६ लिटरचं इंजिन पुरतं, १४ इंची साधे टायर आणि छोटे ब्रेक चालतात, आणि वळणावर मजा येते ती वेगळीच. २०१६ मध्ये बनलेल्या एमएक्स-५ गाड्यांचा आकडा दहा लाखांवर गेला, त्यामुळे सुट्या भागांची ददात नाही. भारतात ती अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. परदेशात राहून १९८९ ते ९७ मधली गाडी शोधणाऱ्यांनी पुढचं वाचावं.

सुरुवात गंजापासून करा, इंजिनापासून नको. कापडी छप्पर अर्धं खाली घ्या आणि सीटबेल्टच्या खांबामागच्या कोपऱ्यात अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. ते मागच्या चाकाच्या जरा पुढे, गाडीखाली टपकलं पाहिजे. नाही टपकलं तर छपराचं पाणी खाली नेणाऱ्या नळीत पालापाचोळा अडकलाय. मग पाणी गालिच्यात आणि दाराखालच्या पट्टीत, म्हणजे सिलमध्ये, साचतं आणि पत्रा आतून खातं. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो. पातळ फडक्यात लोहचुंबक गुंडाळून मागच्या चाकापुढचा सिलचा भाग चाचपा. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. (नळी साफ करताना कडक तार घालू नका, नळी फाटते. नायलॉनची मऊ पट्टी वापरा.)

आता बॉनेट उघडा. १९९१ च्या मध्याआधीच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं, म्हणजे पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं, पुढचं टोक आखूड आहे. या टोकावरच्या पुलीवर चार खाचा दिसल्या तर तो जुना प्रकार, आठ असतील तर सुधारित. टायमिंग बेल्ट (क्रँकशाफ्टच्या तालावर व्हॉल्व्ह उघडमीट करवणारा पट्टा) बदलताना पुलीचा मधला बोल्ट नीट आवळला नसेल तर जुन्या प्रकारात पुली दांड्यावर अडकवणाऱ्या छोट्या चावीची खाच झिजते. इंजिन चालू ठेवून पुलीकडे बघा. डुलत असेल तर ही गाडी सोडा.

टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांना बदलायचा असतो. तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, गाडी फक्त जागेवर बंद पडते. थंड इंजिनात टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांची) टकटक ऐकू आली तर घाबरू नका, ती बहुतेकदा तापल्यावर जाते. क्लच स्लेव्ह सिलिंडरचं, म्हणजे तेलाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या छोट्या सिलिंडरचं, रबर मागे सारून बघा. आत ओल असेल तर तो बदलावा लागेल. काम किरकोळ आहे, पण भाव पाडायला उपयोगी.

शेवटी डिकी उघडून उजव्या कोपऱ्यातली बॅटरी बघा. साधी बॅटरी वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीशिवाय बसवली असेल, तर खालचा पत्रा हमखास खाल्लेला सापडतो.