गटात बसवलं म्हणजे शब्द आले? इंग्रजी शिकवताना या चुका टाळा

नववीच्या वर्गात पन्नास-पंचावन्न मुलं, बाकं जागची हलत नाहीत. पुढच्या बाकावरच्या दोघांना मागे वळवलं की चौघांचा गट तयार. इथवर सगळ्यांनाच जमतं, गडबड पुढे होते. वीस शब्दांची यादी आणि एक कोरा कागद दिला, की तो कागद गटातल्या हुशार पोरीपुढे सरकतो. "अबे, तिलाच लिहू दे ना!" एवढीच बाकी तिघांची मेहनत. कागद झकास दिसतो, पण चाचणीत त्या तिघांची पाटी कोरीच.

यात पोरांचा दोष नाही. एकट्याला जमणारं काम चौघांना दिलं तर एकच जण करणार. अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये १९७१ साली गोऱ्या, काळ्या आणि लॅटिनो मुलांमधली तेढ कमी व्हावी म्हणून मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरनसन यांनी 'जिगसॉ' (तुकडे जोडून चित्र पुरं करायच्या खेळासारखी) पद्धत वापरली. तिचं मर्म एवढंच की प्रत्येकाजवळ असा तुकडा हवा, जो गटात दुसऱ्या कुणाकडेच नाही.

शब्दांना ती छान लागू पडते. नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या संत्र्यांच्या लिलावावर सहा ओळींचा उतारा लिहा. त्यातले 'ऑक्शन', 'क्रेट', 'राइप', 'बार्गेन' हे चार शब्द गटातल्या चौघांना वाटा. मग 'क्रेट'वाले एकत्र येऊन अर्थ, उच्चार आणि एक वाक्य पक्कं करतील. मात्र सगळ्या वर्गातले तेरा-चौदा 'क्रेट'वाले एकाच कोपऱ्यात पाठवू नका, तिथे नुसता बाजार भरतो. रांगेनुसार तीन-चार जणांची टोळकी करा. परत येऊन प्रत्येकाने आपला शब्द बाकी तिघांना शिकवायचा. शेवटी चारही शब्दांची चिठ्ठी ज्याची त्याने, न बोलता लिहायची. ही चिठ्ठी गाळली की सगळं मुसळ केरात. गटाला सरसकट गुण देणं तर त्याहून वाईट.

तोंडी विचारतानाही हात वर करणाऱ्यांना टाळा. मुलांना एक ते चार क्रमांक द्या, प्रश्न विचारा, चर्चा होऊ द्या आणि मग म्हणा, "तीन नंबरवाले उभे राहा." आपला नंबर कधी लागेल हे ठाऊक नसलं की सगळेच ऐकतात.

शब्दांची निवडही चुकते. फळांची नावं एकदम, कपड्यांची एकदम, अशी सोय पुस्तकात बरी दिसते. पण एकाच जातीचे नवे शब्द एकत्र दिले तर ते शिकायला जड जातात, हे संशोधक थॉमस टिंकहॅम यांच्या १९९३ च्या प्रयोगांत दिसलं. त्यापेक्षा एकाच प्रसंगातले वेगवेगळे शब्द घ्या, जशी फुटाळा तलावावरची संध्याकाळ: 'क्राउड', 'ब्रीझ', 'रिफ्लेक्शन', 'वेंडर'.

आणि "ओन्ली इंग्लिश!" असा दम देऊ नका. नागपूरची पोरं आपसात हिंदी-मराठी मिसळूनच बोलणार. अर्थावर वाद घालू द्या त्याच भाषेत, वाक्य तेवढं इंग्रजीत मागा. दम दिला की गट गप्प होतो, आणि गप्प गटाचा उपयोग शून्य.

उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. दर वेळी पाच मिनिटं पुरतात. फक्त त्या वेळी गट बदला, म्हणजे 'क्रेट' शिकवणारा पोरगा नव्या तिघांसमोर उभा राहील.