मराठीत सॉफ्टवेअरची हेल्प लिहायची तर शब्द कुठले घ्यायचे

लिहायला बसण्याआधी एक करा, काकांना फोनवर समजावताय असं धरून मोठ्याने बोलून बघा. "काका, वरती उजवीकडे तीन टिंबं दिसतायत का, ती दाबा" हे तोंडातून येतं ना, जवळपास तेच लिहायचं, "मेनूच्या चिन्हावर टिचकी मारण्यात यावी" असलं काही नको. धारिका, परवलीचा शब्द वगैरेंशी माझं भांडण नाही पण फाइल, पासवर्ड सगळ्यांना कळतं मग कशाला ताणायचं. आणि म्हणून सगळंच इंग्रजी करू नका, निवडा, शोधा, पाठवा, काढून टाका हे मस्त चालतं.

अपवाद एकच, स्क्रीनवर जे लिहिलंय ते तसंच्या तसं. बटणावर 'जतन करा' असेल आणि तुम्ही 'सेव्ह दाबा' लिहिलंत तर माणूस सेव्ह शोधत बसतो.

'आपण' टाळा, 'तुम्ही' लिहा. "आपण फाइल निवडतो" यात आपण म्हणजे वाचणारा की आपण सगळे?

आता खरी डोकेदुखी, लिंग आणि सामान्यरूप (प्रत्यय लागण्याआधी शब्द बदलतो ते). ईमेल आला, आली की आलं? तिन्ही ऐकलंय मी. एक काहीतरी ठरवा आणि टीमच्या शीटमध्ये शब्दासमोर लिंग लिहून ठेवा, नाहीतर एका पानावर ती आणि दुसऱ्यावर तो. मेसेजमध्ये नाव आपोआप भरलं जाणार असेल तिथे तर त्याला प्रत्यय लावूच नका, कारण सॉफ्टवेअरला 'पुण्याहून' येत नाही, ते सरळ 'पुणेहून' छापतं 😅 त्यापेक्षा 'कुठून: पुणे' करा. तसंच '... ग्रुपमध्ये आला' ऐवजी 'नवीन सदस्य: ...', म्हणजे आला-आलीचा प्रश्नच मिटला.

वाक्यात कशासाठी ते आधी, काय करायचं ते शेवटी: "फोटो जोडण्यासाठी क्लिपचं चिन्ह दाबा". "क्लिपचं चिन्ह दाबा जेणेकरून फोटो जोडता येईल" हे मराठी नाही हो, कितीही दिसत असलं तरी.

आणि 'ॲप' मधला ॲ बघून घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे कंप्युटर ज्यावरून अक्षरं ओळखतो त्या यादीत, त्याला स्वतंत्र जागा 2008 मध्ये मिळाली, त्यामुळे अजून बरेच जण अ वर वेगळा चंद्र देऊन टाइप करतात, दिसतं सारखंच पण साध्या सर्चला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि मग "हेल्पमध्ये काहीच सापडत नाही" म्हणून मेल येतो. किंवा येते.