तीन वायरलेस सेट, एक टेबल: स्वस्तातला कंट्रोल पॅनेल बनवताना या चुका टाळा

हिंगणघाटकडच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी पहिला कंट्रोल पॅनेल बसवला, तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती आणि कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. तीन सेट होते. एक गेट आणि काट्यासाठी, दुसरा जिनिंग हॉल आणि गंजीवरच्या पहाऱ्यासाठी, तिसरा दहा-बारा किलोमीटरवरच्या दुसऱ्या युनिटसाठी. टेबलावर तीन माईक असल्यामुळे ऑपरेटर घाईत भलताच उचलायचा, म्हणून मालकांना एकच माईक आणि एकच स्पीकर हवा होता. मी तसंच करून दिलं.

चौथ्या दिवशी गंजीवरून आवाज आला, "धूर निघून राह्यला, पाणी पाठवा!" नेमका त्याच क्षणी काट्यावरचा पोरगा गाडीचं वजन सांगत होता. दोन्ही आवाज एकाच स्पीकरमधून निघाले. ऑपरेटरनं विचारलं, "कोन बोलते?" आणि ते गेलं काट्याच्या चॅनेलवर. शेवटी पहारेकरी धावत ऑफिसात आला. आग वेळेत विझली, पण काही क्विंटल कापूस काळा पडला. चूक माझ्या जोडणीत होती. तेव्हापासून पॅनेल बनवताना मी आधी एकच बघतो: आवाज कुठून आला आणि आपला आवाज कुठे चालला, हे ऑपरेटरला विचार न करता कळलं पाहिजे.

सगळे आवाज एका स्पीकरमध्ये घालू नका

प्रत्येक सेटला स्वतंत्र स्पीकर द्या आणि तो टेबलावर कायम एकाच जागी ठेवा. काटा डावीकडे, गंजी समोर, दुसरं युनिट उजवीकडे. दोन जण एकदम बोलले तरी दिशेवरून कान बरोबर ओळखतो. आवाजाच्या बटनाला खालची मर्यादा ठेवा, म्हणजे एक रेझिस्टर असा जोडा की बटन पूर्ण मिटवलं तरी आवाज शून्य होणार नाही. दुपारी कटकट नको म्हणून आवाज बंद केला जातो आणि संध्याकाळी ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

बोलण्यासाठी फिरवायचा सिलेक्टर स्विच मी आता लावत नाही. माईक एकच, पण पीटीटी (पुश-टू-टॉक, म्हणजे दाबून बोलायची) बटनं तीन. ज्या सेटवर बोलायचं त्याचंच बटन दाबायचं. गंजीचं बटन लाल आणि बाकीच्यांपेक्षा मोठं. सिलेक्टर मघाशी कुठे ठेवला होता हा प्रश्नच राहत नाही, आणि खर्च सिलेक्टरपेक्षा जास्त होत नाही.

काळ्या वायरी एकत्र बांधू नका

सर्वांत जास्त सेट याच चुकीनं जळतात. काळी वायर म्हणजे निगेटिव्ह, सगळ्या निगेटिव्ह एकत्र जोडल्या तर काय बिघडणार, असं आपण गृहीत धरतो. पण गाडीत बसवायच्या बऱ्याच सेटमध्ये स्पीकरची एकही तार ग्राउंड नसते. आतला ऑडिओ आयसी, म्हणजे स्पीकर चालवणारी चिप, दोन्ही तारा उलटसुलट चालवतो. त्यातली एक ग्राउंडला लागली की आयसी गरम होतो आणि जातो. माझे दोन सेट एका संध्याकाळी असेच गेले. तिन्ही स्पीकरच्या काळ्या वायरी मी एका पट्टीवर सोल्डर केल्या होत्या. आता स्पीकरच्या दोन्ही तारा सेटपासून थेट स्पीकरपर्यंत नेतो, मध्ये कुठेही कशाला जोडत नाही.

हातातले वॉकी-टॉकी वापरून पॅनेल करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. दोन पिनांच्या प्लगमध्ये जाड पिन साडेतीन मिलिमीटरची आणि बारीक पिन अडीच मिलिमीटरची असते. दोन्हींच्या मुळाशी असलेले धातूचे भाग सारखे दिसतात, पण बऱ्याच सेटमध्ये ते एकमेकांना टेकले की पीटीटी दाबल्यासारखा सेट बोलू लागतो. बटनाचं काम नेमकं तेच असतं. म्हणून ज्यानं हे "दोन्ही ग्राउंड" एकत्र केले, त्याचे सगळे सेट पॅनेलला लावताच लाल दिवा लावून बसतात. "सेट अटकला" म्हणून माझ्याकडे आलेल्या तक्रारींमध्ये हेच कारण पुन्हा पुन्हा निघालं आहे.

उपाय स्वस्त आहे. पॅनेल आणि सेट यांच्यात तारेचा थेट संबंधच ठेवायचा नाही. पीटीटीसाठी प्रत्येक सेटला एक पीसी८१७ ऑप्टोकपलर लावा, म्हणजे आतल्या छोट्या दिव्याच्या प्रकाशानं चालणारा स्विच. बटन दाबलं की १२ व्होल्ट, १ किलोओहमचा रेझिस्टर, एक एलईडी आणि ऑप्टोच्या आतला दिवा अशी साखळी पूर्ण होते. साधारण ९ मिलिअँपिअर वाहतात, तेवढे पुरतात. एलईडीमुळे कोणत्या सेटवर आवाज चालला आहे तेही दिसतं. ऑप्टोच्या पलीकडच्या बाजूच्या दोन पायांपैकी कलेक्टर पीटीटीच्या तारेला आणि एमिटर त्या सेटच्या ग्राउंडला लावायचा. उलट लावला तर सेट बोलणार नाही आणि दोष सापडायला अख्खा दिवस जाईल.

आवाजासाठी ६००:६०० ओहमचे छोटे ट्रान्सफॉर्मर लागतात. जुन्या टेलिफोन मोडेममधूनही ते निघतात. सेटच्या माईकच्या तारेवर कंडेन्सर माईकसाठी डीसी व्होल्टेज असतं. ते ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातून ग्राउंडला जाऊ नये म्हणून मध्ये १ ते २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. हा विसरला की आवाज दबका आणि फाटका येतो, आणि माणूस माईक बदलत बसतो.

घरघर, खरखर आणि फाटका आवाज

तिन्ही दोष सारखे वाटतात, पण मूळ वेगवेगळं असतं. सतत मंद घरघर असेल तर ती ग्राउंड लूपमधून (ग्राउंड दोन वाटांनी जोडला गेल्यानं) किंवा चार्जरमधून येते. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर बघा. गेली तर चार्जर. राहिली तर सेट एकेक करून पॅनेलपासून सोडवा. ज्याला सोडवल्यावर थांबते, त्याचा ट्रान्सफॉर्मर कुठेतरी टाळला गेला आहे.

फक्त बटन दाबल्यावर खरखर होत असेल, तर आपलाच रेडिओचा जोर माईकच्या तारेत शिरतो आहे. अँटेनाच्या जागी डमी लोड, म्हणजे सेटची शक्ती हवेत न सोडता जिरवणारा रेझिस्टर, लावून बोला. खरखर गेली तर निदान पक्कं. माईकला जाळीची तार वापरा, जाळी पॅनेलच्या एकाच टोकाला जोडा, तारेवर फेराइटचा मणी चढवा आणि अँटेनाची केबल माईकच्या तारेसोबत बांधू नका.

आवाज फाटका येत असेल तर लेव्हल जास्त आहे. सेटच्या माईकला काही मिलिव्होल्ट पुरतात, पॅनेलचा अँप्लिफायर त्याच्या कितीतरी पट देतो. प्रत्येक सेटला वेगळा प्रीसेट, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरनं फिरवून जुळवायचा रेझिस्टर, लावा आणि दुसऱ्या टोकाला माणूस बसवून, बोलून बोलून जुळवा. अंदाजानं नाही.

समोरच्या माईकमध्ये शेजारच्या स्पीकरचा आवाज शिरून शिटी वाजत असेल, तर पीटीटी दाबताच बाकीचे स्पीकर तोडणारा एक छोटा रिले घाला. त्याच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावायचाच.

वीज आणि बॅटरी

२५ वॉटचा सेट बोलताना साधारण ६ ते ७ अँपिअर ओढतो. ५ अँपिअरची पॉवर सप्लाय ऐकताना छान चालते आणि बोलताच बसते. तिन्ही बटनं एकदम दाबली तर २० अँपिअर लागतील, हे धरून फ्यूज आणि तारा घ्या. बॅटरी दूर पडवीत ठेवण्याची चूक मला खूप ठिकाणी दिसते. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार १० मीटर लांब नेली, तर जाऊन-येऊन २० मीटर होते आणि ७ अँपिअरला जवळपास १ व्होल्ट त्या तारेतच जातो. बॅटरी पॅनेलच्या जवळ ठेवा, पण हवेशीर जागी. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाशीच हवा.

अँटेना

इथे काटकसर करू नका. १५० मेगाहर्ट्झला आरजी-५८ केबल ३० मीटर टाकली, तर साधारण ६ डेसिबल जातात, म्हणजे सेटचे २५ वॉट अँटेनापाशी ६ उरतात. तेवढ्याच लांबीच्या आरजी-२१३ मध्ये निम्म्याच्या आसपास पोहोचतात. म्हणजे जास्त वॉटचा सेट घेण्याऐवजी तोच पैसा केबलवर खर्च करा.

एका सेटवर बोलताना दुसरा बहिरा होत असेल तर सेट बदलू नका. गच्चीवर दोन अँटेना शेजारी शेजारी उभ्या असतील. त्याच पोलवर एकीच्या खाली दुसरी लावा. उभ्या अँटेनांमध्ये तेवढ्याच अंतरानं शेजारी ठेवण्यापेक्षा वरखाली ठेवण्याचा फायदा कितीतरी जास्त होतो. जवळच्या कामाच्या सेटची पॉवर कमी करा. काट्यापर्यंत पोहोचायला २५ वॉट लागत नाहीत.

मृगाच्या आधीची वादळं आपल्याकडे विजा घेऊन येतात. पोल, केबलचा अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत नेणारा भाग) आणि पॅनेल यांची अर्थिंग एकमेकांना जोडलेली हवी. आभाळ भरून आलं की केबल सेटपासून सोडवा आणि सेटपासून दूर, भिंतीशी ठेवा.

आवाजावर चालणारं बटन आणि अडकणारं बटन

जिनिंगच्या आवाजात व्हॉक्स, म्हणजे आवाज आला की आपोआप बोलू लागणारी सोय, लावू नका. यंत्र सुरू झालं की चॅनेल बंदच. पायानं दाबायचा स्विच लावला असेल तर तो दर आठवड्याला उघडा. रुईचे तंतू आत जाऊन गुठळी तयार होते आणि स्विच दाबलेलाच राहतो. प्रत्येक सेटमध्ये टाइम-आउट, म्हणजे ठरलेल्या वेळानंतर बोलणं आपोआप तोडणारी सोय, ६० सेकंदांवर ठेवा, म्हणजे बटन अडकलं तरी चॅनेल मोकळं होतं.

परवाना

स्वस्त सेट कोणत्याही फ्रिक्वेन्सीवर लावता येतो, म्हणून कोणत्याही फ्रिक्वेन्सीवर बोलायचं नसतं. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या मान्यताप्राप्त सेटसाठी २०१८ पासून परवानामुक्त आहे. बाकी बहुतेक पट्ट्यांसाठी दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची, म्हणजे डब्ल्यूपीसीची परवानगी लागते. ऑनलाइन मिळतो म्हणजे चालतो असं नाही. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं वॉकी-टॉकीच्या ऑनलाइन विक्रीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. मी कागद बघितल्याशिवाय पॅनेलचं काम हाती घेत नाही.

पॅनेल तयार झालं की एक वॉकी-टॉकी, गंजीच्याच चॅनेलवर लावलेली, ऑपरेटरच्या खुर्चीमागे खिळ्याला टांगून ठेवा. पॅनेलशी तिची एकही तार जोडायची नाही. चार्जिंग दर सोमवारी सकाळी काटा उघडण्याआधी तपासायचं, आणि तिच्यावरून गंजीवर एकदा बोलून बघायचं.