शिष्यवृत्तीचा अर्ज रिन्यू करायचाय? जूनपासून हे हाताशी ठेवा

निकाल लागला, पुढच्या वर्षाचा प्रवेश झाला, की मुलं माझ्या टेबलाशी येतात आणि दरवर्षी तेच विचारतात, "मॅडम, मागच्या वर्षी फॉर्म भरलाय, आता नुसता रिन्यू करायचाय ना?" कॉलेजात शिष्यवृत्तीचे अर्ज तपासायचं काम माझ्याकडे आहे, आणि या 'नुसता'पायी पोरांचे हप्ते अडकलेले मी बघत आलेय. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, रिन्यूअल केलं की जात, जन्मतारीख, दहावीचे गुण पुन्हा भरत बसावं लागत नाही, आराम म्हणाल तर तेवढाच. उत्पन्न, निकाल, बँक, राहण्याची सोय यांची कागदपत्रं नव्यानंच लागतात. म्हणून पोर्टल सुरू व्हायची वाट न बघता जूनमध्येच तयारीला लागा.

सगळ्यात आधी उत्पन्नाचा दाखला, कारण तो मिळायला वेळ लागतो आणि तो वेळ आपल्या हातात नसतो. एका वर्षाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे मागच्या अर्जाला जोडलेला दाखला यंदा बाद. दाखल्याच्या तळाशी तो कधीपर्यंत ग्राह्य आहे ते छापलेलं असतं, ती ओळ आधी वाचा. तलाठ्यांचा अहवाल, रेशनकार्ड, आधार, स्वयंघोषणापत्र आणि पालक नोकरीत असतील तर फॉर्म १६, एवढं घेऊन सेतू केंद्रात जायचं. सेवा हक्क कायद्यानुसार दाखला १५ दिवसांत मिळायला हवा, पण प्रवेशाच्या दिवसांत अख्ख्या तालुक्याची रांग तिथंच असते, तेव्हा आठ दिवस जास्तीचे धरूनच चला. हातात आला की तिथंच उभं राहून नाव आणि बारकोड तपासा. पोर्टलवर हाच बारकोड टाकायचा असतो आणि नावात एक अक्षर चुकलं तरी पुन्हा सेतूची वारी घडते. रक्कमही बघून घ्या. राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजनेला वार्षिक ८ लाखांची मर्यादा आहे, अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाखांची. घरात कुणाला नवी नोकरी लागली असेल, तर यंदा आपण मर्यादेत बसतो का हे अर्जाआधी कळलेलं बरं. आणि वर्षभरात वडील गेले असतील, तर त्यांच्या नावाचा जुना कागद पुढे करू नका. आईच्या नावाचा दाखला आणि मृत्यूचा दाखला घेऊन थेट आमच्याकडे या. असा विद्यार्थी लाजून मागे राहतो आणि वर्ष हातचं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरं काम बँकेचं. अर्ज मंजूर होऊनही पैसे न येण्याचं कारण मला बहुतेक वेळा इथंच सापडतं. 'खातं आधारला लिंक आहे' असं मुलं छातीठोक सांगतात, पण लिंक आणि सीडिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवायसीसाठी बँकेनं आधार घेतलं, ते लिंक. सरकारी पैसे मात्र एनपीसीआयच्या (बँकांमधले ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत तुमच्या आधारापुढे ज्या बँकेचं नाव असेल तिथं जातात. ही नोंद म्हणजे सीडिंग, आणि ती एका वेळी एकाच बँकेची राहते. नंतर कुठं दुसरं खातं उघडताना सीडिंगची संमती दिली गेली, की आधीचं नाव पुसलं जातं. गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी पासबुक घेऊन चार वेळा आली, चारही वेळा शिल्लक ११२ रुपये. शेवटी माय आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडून बघितलं, तर तिथं भलत्याच बँकेचं नाव. बारावीच्या सुट्टीत मोबाइलवर उघडलेलं खातं होतं ते, तिच्या लक्षातही नव्हतं. हप्ता तिथं येऊन दोन महिने पडून होता. तेव्हा जूनमध्येच हे पान उघडा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाका आणि तीन गोष्टी बघा: बँक कोणती, स्थिती अ‍ॅक्टिव्ह आहे का आणि नोंद कधीची आहे. बँक चुकीची असेल, तर आपल्या शाखेत सीडिंगचा फॉर्म भरून द्या आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा. वर्षभर व्यवहार नसलेलं खातंही एकदा शंभर रुपये भरून, काढून जागं करा.

ओटीपीचा विषय निघालाच आहे, तर मोबाइल नंबरचंही बोलते. बरीच मुलं पहिला अर्ज कॅफेत भरतात, आणि घाईत कॅफेवाला स्वतःचाच नंबर आणि ईमेल टाकून मोकळा होतो. पुढे त्रुटीचा मेसेज त्याला जातो, पासवर्ड त्याच्या वहीत राहतो. प्रोफाइल उघडून तुमचाच नंबर आहे ना ते बघा, आणि युजरनेम-पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवा.

गुणपत्रिका दोन्ही सत्रांची लागते. स्कॅन सरळ, चारही कोपरे दिसतील असं आणि २५६ केबीच्या आत ठेवा. फाइल बारीक करताना गुण वाचता येईनात, तर तो अर्ज परत येणारच. पोर्टलवर सध्याच्या अभ्यासक्रमाच्या पानावर मागचं वर्ष 'पूर्ण' करून निकाल भरायचा आणि मग नव्या वर्षाची नोंद घालायची, ही पायरी पुष्कळ जण चुकवतात. एटीकेटी लागली असेल, म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्षात गेला असाल, तर आहे तीच गुणपत्रिका जोडा आणि तुमच्या योजनेचा नियम आम्हाला विचारून घ्या. मागच्या वर्षीचा अर्ज मंजूरच झाला नसेल, तरी आधी आमच्याकडे या, मग अर्जाला हात लावा.

पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता घेणाऱ्यांनी वसतिगृहाचा यंदाचा दाखला किंवा खोलीचा यंदाचा भाडेकरार लावायचा, मागचा चालत नाही. खोली बदलली असेल तर नव्या घरमालकाला आधीच सांगून ठेवा.

अर्ज सबमिट झाला की अर्ज क्रमांकाची प्रिंट काढा आणि कागदांच्या प्रतींसह आमच्याकडे जमा करा. पुढे दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती बघत राहा. अर्ज आमच्या टेबलावरून प्राचार्यांकडे आणि तिथून संबंधित विभागाच्या कार्यालयाकडे जातो, आणि यातला कुणीही तो 'सेंट बॅक' करू शकतो, म्हणजे दुरुस्तीसाठी तुमच्याकडे परत पाठवू शकतो. शेरा वाचून, दुरुस्ती करून पुन्हा सबमिट केल्याशिवाय तो तसूभर हलत नाही. मुलांना वाटतं वर छाननी चालू आहे, आणि अर्ज महिनाभर त्यांच्याच लॉगिनमध्ये पडलेला असतो.

अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आणखी एक. २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यातली फी ७ दिवसांत कॉलेजात भरायची असते. घरात कितीही अडचण असली तरी त्या रकमेला हात लावू नका, आणि जमा झाल्याचा मेसेज दिसला की त्याच आठवड्यात फीच्या खिडकीवर या. पावती घ्या, तिचा फोटो काढून ठेवा. पुढच्या जूनमध्ये मी ती मागणार आहे.