जुनी गाडी घरी पुन्हा चालती करताय? या चुका टाळा

मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आता मी अधूनमधून, सल्ल्यापुरताच जातो. बाकीचा वेळ घरामागच्या शेडमध्ये, गाडीखाली. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात ‘२१ गन सल्यूट’चं विंटेज गाड्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हापासून बडोद्यात या नादाला लागलेली बरीच मंडळी शेडपर्यंत येऊन विचारू लागली. कुणाच्या आजोबांची अँबॅसडर दांडिया बाजारातल्या बोळात वर्षानुवर्षं उभी असते, कुणी सावली तालुक्यातल्या शेतावरून पद्मिनी (म्हणजे आपली फियाट) टेम्पोत घालून आणलेली असते. हौस खरी असते, पैसेही बाजूला काढलेले असतात. तरी पुष्कळ गाड्या अर्ध्यावर अडतात, आणि बहुतेक वेळा पार्ट मिळत नाही हे त्याचं कारण नसतं. कामाचा क्रम चुकलेला असतो. गाडी आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे. रंगाचा नंबर सगळ्यांत शेवटी.

पहिल्याच रविवारी सगळं खोलून ठेवणं

उत्साहाच्या भरात दारं, सीट, डॅशबोर्ड, वायरिंग, सगळं एकदम बाहेर येतं. दिवाळी येते, घरात पाहुणे येतात, काम थांबतं. पुन्हा हात घालायची वेळ येते तेव्हा कुठला क्लॅम्प कुठला हे कुणालाच आठवत नाही. एका वेळी एकच काम उघडा: ब्रेक तर ब्रेक, कूलिंग तर कूलिंग. ते मिटवा आणि मग पुढचं घ्या. गाडी आपल्या चाकांवर ढकलता येईल अशी कायम राहू द्या.

खोलण्याआधी फोटो काढा, वायर सोडण्याआधी तिच्यावर मास्किंग टेपची चिठ्ठी लावा. बोल्ट निघाला की शक्यतो त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवा. अँबॅसडरचे बोल्ट इंची मापाचे आणि फियाटचे मिलिमीटरचे. दोन्ही गाड्यांचं काम एकाच शेडमध्ये चालत असेल तर डबे वेगळे ठेवा. इंची बोल्टवर मिलिमीटरचा नट जोर लावून चढवला की आटे गेलेच.

जाम झालेल्या इंजिनाला सेल्फ मारून बघायचा मोहही आवरा. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून सोडा, काही दिवस मुरू द्या. मग क्रँकच्या पुलीचा नट पान्यानं हळूच मागेपुढे करून बघा. हातानं सुटलेलं इंजिन बहुधा वाचतं. सेल्फनं किंवा धक्का मारून सोडवलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंग तुटलेल्या सापडतात.

गंजावर पुट्टी, पुट्टीवर रंग

ही चूक सगळ्यांत महाग पडते, म्हणून इथे जरा थांबतो.

रावपुऱ्यातला एक तरुण मध्यंतरी अँबॅसडर घेऊन आला. पांढरा रंग इतका सुरेख की आरशाची गरज नाही. त्याचं म्हणणं एवढंच, “काका, मागचं दार नीट लागत नाही, बिजागरी बघता का?” मी फ्रिजवरचं साधं चुंबक रुमालात गुंडाळलं आणि दाराखालच्या पट्टीवर, म्हणजे सिलवर, पुढून मागे सरकवत नेलं. पुढे ते घट्ट धरत होतं, मधल्या खांबाजवळ सैल झालं आणि मागच्या दाराखाली सरळ गळून पडलं. तिथे लोखंडच नव्हतं. खालच्या बाजूनं स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर आली पुट्टीची भुकटी, गंजाचे पापुद्रे आणि कोंबलेली वर्तमानपत्राची बोळी. बिजागरी ठणठणीत होती. गाडीच मधोमध बसायला लागली होती.

अँबॅसडर काय किंवा फियाट ११००, पद्मिनी काय, या गाड्यांना वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो आणि त्यात सिलचा वाटा मोठा आहे. म्हणून गाडी घेताना आधी सिल, पुढचा-मागचा फ्लोअर, जॅक लावायच्या जागा, स्प्रिंगा जिथे बॉडीला बांधलेल्या असतात ते कोपरे आणि बॅटरीखालचा ट्रे बघा. बॅटरीचं ॲसिड सांडून ट्रे खाल्लेला हमखास मिळतो.

सिल बदलताना दुसरी चूक होते. गाडी जॅकवर उचलून दोन्ही सिल एकदम कापतात. नवा पत्रा वेल्ड होऊन गाडी खाली आली की चारही दारं वाकडी. बरोबर पद्धत अशी: गाडीचा भार एका पातळीत, चाकांवर किंवा ॲक्सलखाली ठेवलेल्या घोड्यांवर (लोखंडी आधारांवर) राहू द्यायचा, दाराच्या चौकटीत तिरक्या-आडव्या अँगलच्या पट्ट्या टाके मारून बसवायच्या, एका वेळी एकच बाजू कापायची आणि वेल्डिंग पूर्ण होण्याआधी दार लावून फट मोजायची. सलग वेल्ड मारला तर पत्रा तापून लहरी धरतो, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर टाके मारत, थंड होऊ देत जायचं. आतली पोकळी बंद होण्याआधी प्रायमर आणि नंतर मेण किंवा गंजरोधक तेल आत गेलं पाहिजे. सिलच्या खालची पाणी निचऱ्याची भोकं कधीही बुजवू नका.

रंगाविषयी एवढंच की उघडा पत्रा पावसाळ्यात रात्रभरही तसा ठेवायचा नाही. आपल्याकडच्या आषाढातल्या हवेत सकाळी त्यावर तांबूस झाक आलेली असते, आणि तिच्यावर मारलेला प्रायमर पुढच्या वर्षी फुगतो. पत्र्याचं आणि रंगाचं काम दिवाळीनंतर काढा.

ब्रेक नंतर बघू म्हणणं

जुन्या अँबॅसडर-पद्मिनीत चारही चाकांना ड्रम आणि ब्रेकची लाईन एकच. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचा ब्रेक जातो. इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात सोसायटीत चक्कर मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडर खोलल्यावर ते पेट्रोल किंवा रॉकेलनं धुणं ही आपल्याकडची जुनी सवय. त्यानं आतले रबर फुगतात आणि काही दिवसांनी ब्रेक सुटतच नाही, ड्रम तापतो. ताजं ब्रेक ऑइल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. ब्रेक ऑइलच्या टाकीत इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी धरल्यावर ही हद्द १४० पर्यंत खाली येते. दर दोन वर्षांनी बदला, गाडी चालली नसली तरी. ड्रममधली काळी भुकटी कॉम्प्रेसरनं उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्यानं पुसून फडकं पिशवीत बांधून टाका.

गरम गाडी पुन्हा स्टार्ट होत नाही

मे महिन्यात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये लागते, मांडवीपर्यंत जाऊन पाच मिनिटं उभी केली की रुसते. लोक लगेच कार्ब्युरेटर खोलतात, आणि चांगला बसलेला कार्ब्युरेटर बिघडवून ठेवतात.

आधी स्पार्क बघा. एक प्लग काढून वायरीसकट इंजिनाच्या धातूला टेकवा. त्याआधी आसपास पेट्रोल सांडलेलं नाही याची खात्री करा. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी आणि कडक असेल तर इग्निशन ठीक. पिवळट, मरगळलेली असेल तर कंडेन्सर किंवा कॉइल गरम झाल्यावर दम सोडते आहे. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारी टोकं, काळे-जळके दिसले तर संशय कंडेन्सरवर घ्या. पेट्रोल अँबॅसडरच्या लुकास डिस्ट्रिब्युटरला पॉइंटची फट १४ ते १६ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) लागते, म्हणजे साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. फट मोजायच्या पट्ट्या, म्हणजे फिलर गेज, घ्या, पोस्टकार्डाच्या जाडीवर भागवू नका.

स्पार्क चांगला असेल तर पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवा आणि थोडं थांबा. गाडी लागली तर नळीत पेट्रोलची वाफ अडकत होती. मग नळी सायलेन्सरपासून दूर न्या, पंप आणि इंजिन यांच्यामधलं जाड इन्सुलेटर पॅकिंग जागेवर आहे ना ते बघा. कुणीतरी ते काढून साधं गॅस्केट बसवलेलं असतं.

पेट्रोलचंही पाहा. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. या गाड्यांचे रबरी पाइप आणि पंपाचे डायफ्राम त्यासाठी बनलेले नाहीत. ते मऊ पडतात, चिरतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकतं. इथेनॉलला चालणारे पाइप आणि डायफ्राम आधी बसवा, मग बाकीचं. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवू नका.

गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणारे मिस्त्री अजून आहेत. त्यानं इंजिन हिवाळ्यात तापतच नाही, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं आणि सिलिंडर झिजतात. रेडिएटर रॉडिंग करून (नळ्यांत सळई घालून) साफ करा, ब्लॉकमधला गाळ काढा, थर्मोस्टॅट नवा घाला.

पावसाळा आणि पूर

गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधणं म्हणजे आतली ओल आतच कोंडणं. सुती कव्हर आणि खेळती हवा पुरते. रोज पाच मिनिटं जागेवर इंजिन चालवून ठेवणंही चांगलं नाही. इंजिन नीट तापत नाही आणि ऑइल व सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. त्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा, कोरडा दिवस बघून, गाडी पुरती तापेपर्यंत चालवा.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी चांगल्या गाड्या बुडाल्या, आणि त्यातल्या काही पाण्यानं नाही, किल्ली फिरवल्यानं गेल्या. बुडालेल्या गाडीची आधी बॅटरी सोडा. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल काढा. दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे. प्लग काढून इंजिन हातानं फिरवा, म्हणजे सिलिंडरमधलं पाणी बाहेर पडेल. टाकी रिकामी करा, ड्रम उघडा, बेअरिंगचं ग्रीस बदला, डायनमो आणि सेल्फ खोलून सुकवा. नदीचा गाळ सिलच्या पोकळीत बसतो आणि महिनोन्महिने ओल धरून ठेवतो. निचऱ्याची भोकं तारेनं मोकळी करून स्वच्छ पाण्यानं आतून धुवा.

शेडमधल्या सवयी

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, एका मिनिटासाठीही नाही. घोड्या लावा, उरलेल्या चाकांना लाकडी ठोकळे द्या. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रिकामी पेट्रोल टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते. तिच्याजवळ वेल्डिंग नको. आग विझवायचा सिलिंडर दाराजवळ टांगा, आत कोपऱ्यात नको.

कागद

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,०००, मुदत १० वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर काढता येते. कुटुंबाला घेऊन दर रविवारी पावागडला जायचं मनात असेल तर व्हीए नंबरची घाई करू नका. साधी नोंदणी आणि फिटनेस चालू ठेवा.

बऱ्याच पेट्रोल अँबॅसडरमध्ये मधल्या काळात डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि आरसी बुकात ते चढलेलं नसतं. म्हणून पैसे देण्याआधी ब्लॉकवरचा इंजिन नंबर बुकाशी ताडून बघा. चॅसी नंबर जिथे ठोकलेला आहे तिथे घासकाम करणाऱ्याचा ग्राइंडर पोचण्याआधी कागद ठेवून पेन्सिलनं त्याचा छाप घ्या आणि त्या जागेवर टेप लावून घासणाऱ्याला दाखवून ठेवा. नंबर एकदा घासला गेला की तो परत ठोकून आणायला आरटीओत किती खेटे घालावे लागतात, हे ज्यांच्यावर वेळ आली त्यांना विचारा.