सिस्टस कसे लावावे: निचरा, पाणी आणि छाटणी

सिस्टसची कळी सकाळी उमलते तेव्हा पाकळ्या मुठीत कोंबलेल्या रेशमासारख्या चुरगळलेल्या असतात. ऊन लागले की त्या पसरतात आणि दुपार कलेपर्यंत पाचही पाकळ्या बुंध्याशी गळून पडतात. दुसऱ्या दिवशी नव्या कळ्या उमलतात. रॉक रोझ म्हणतात ते हेच झुडूप, पण त्याचे गुलाबाशी नाते नाही. भूमध्य समुद्राभोवतीच्या खडकाळ उतारांवर ते आपसूक वाढते. बागेत ते तहानेने क्वचित मरते, उन्हाळ्यातल्या ओल्या मातीत मात्र हमखास.

म्हणून रोप आणण्याआधी निचरा तपासा. ३० सेंमी खोल खड्डा पाण्याने भरा, ते मुरले की पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचे पाणी तीन-चार तासांत उतरले नाही, तर तिथे २५-३० सेंमी उंच आणि मीटरभर रुंद उंचवटा करा. त्यासाठी दोन भाग बागेची माती आणि एक भाग बारीक खडी मिसळा. चिकणमातीत खड्डा खणून नुसत्या त्या खड्ड्यात वाळू भरू नका. आजूबाजूचे पाणी तिथेच साचते आणि मुळे बुडतात. शेणखत, कंपोस्ट काहीही घालू नका. नत्र मिळाले की फांद्या लांब आणि मऊ वाढतात, वाऱ्याने मोडतात, फुलेही कमी येतात. दिवसभर ऊन मात्र हवेच.

जागा ऐसपैस असेल तर सिस्टस लॅडनिफर निवडा. दीड-दोन मीटर उंची, मोठे पांढरे फूल, बहुधा प्रत्येक पाकळीच्या तळाशी गर्द तांबडा डाग. त्याच्या चिकट पानांतली राळ, लॅबडेनम, अत्तरांत वापरतात. चुनखडीची जमीन त्याला मानवत नाही. तिथे सिस्टस अल्बिडस लावा. बुटके झुडूप हवे असेल तर सिस्टस साल्विफोलियस, कडक थंडीसाठी सिस्टस लॉरिफोलियस.

हिवाळा सौम्य असेल तर लागवड शरदात करा, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळे खोल जातात. हिवाळा कडाक्याचा असेल तर मात्र वसंतात. एक-दोन लिटरच्या कुंडीतले लहान रोपच घ्या. मोठ्या रोपाची मुळे कुंडीत गोल फिरलेली असतात आणि ती बाहेरच्या मातीत शिरत नाहीत. खड्डा कुंडीइतकाच खोल आणि दुप्पट रुंद घ्या, मातीचा गोळा जमिनीपेक्षा दोन-तीन सेंमी वर ठेवा. बुंधा मातीत गाडू नका. वरून खडीचा ५ सेंमी थर द्या. दोन रोपांत मीटरभर अंतर ठेवा. जागा विचार करून ठरवा, कारण एकदा रुजलेले सिस्टस उपटून हलवले तर सहसा जगत नाही.

लावल्याबरोबर दहा लिटर पाणी द्या. पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल तर दहा-बारा दिवसांनी एकदा तितकेच, बुंध्यापासून वीतभर दूर केलेल्या आळ्यात, सावकाश. दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्याला एकदा पुरते, पुढे बहुतेक ठिकाणी तेही लागत नाही. ठिबकने रोज थोडे थोडे पाणी देणे सर्वांत घातक. गरम आणि ओल्या मातीत फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू मुळे कुजवतो. मुळे कुजली की झाड तहानल्यासारखेच माना टाकते, मग लोक आणखी पाणी घालतात! आधी बोटाने माती उकरून पाहा. दहा सेंमीखाली ओल असूनही पाने लोंबत असतील, तर बुंध्याची साल नखाने खरवडा. आत हिरव्याऐवजी तपकिरी दिसले तर झाड वाचणार नाही, काढून टाका. कडक उन्हात पाने आक्रसणे, खालची थोडी गळणे हा मात्र त्याचा स्वतःचा बचाव आहे, घाबरू नका.

छाटणी बहर सरल्याबरोबर. पाने असलेल्या कोवळ्या फांद्यांचा वरचा तृतीयांश भाग तेवढा कापा. पाने नसलेल्या जुन्या लाकडावर कात्री चालवली तर तिथून फुटवा येत नाही, अख्खी फांदी वाळते. दहा-पंधरा वर्षांत झुडूप थकते, त्याआधीच कलमे करून ठेवा. बहरानंतर फूल न आलेल्या फांदीचा ८-१० सेंमीचा शेंडा घ्या, खालची पाने काढा, निम्मी वाळू आणि निम्म्या परलाइटमध्ये (ज्वालामुखी खडक तापवून फुलवलेले हलके पांढरे कण) सावलीत खोचा. महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. बियांचे कवच टणक असते, रानात ते वणव्याच्या धगीने तडकते. घरी त्यावर नुकतेच उकळून उतरवलेले पाणी ओता, रात्रभर भिजू द्या आणि मग पेरा.