बख्तसिंगांचं आख्यान: ख्रिस्ती कीर्तनाची तासाभराची बांधणी

आधी एक घोळ निस्तरा. साधू सुंदरसिंग आणि बख्तसिंग या दोघांची चरित्रं कीर्तनात हमखास एकमेकांत मिसळतात. दोघेही पंजाबातले शीख, दोघेही सुवार्तिक. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, जाळलं ते सुंदरसिंगांनी (जन्म १८८९). बख्तसिंगांनी (१९०३–२०००) ते फाडलं आणि सुंदर कातडी वेष्टन तेवढं ठेवून घेतलं.

मुंबईतल्या मंडळ्यांत (चर्चमध्ये) उपासनेनंतर फार तर तास मिळतो. नमन आणि गजर पाच मिनिटं, पूर्वरंग (वचनाचं निरूपण) पंधरा, अर्पणासाठी मध्यंतर पाच, आख्यान तीस, शेवटी भैरवी आणि प्रार्थना. पूर्वरंगाला मत्तय १०:३२ घ्या, माणसांसमोर प्रभूला पत्करण्याचं वचन. जोडीला ना. वा. टिळकांचा एकच अभंग. दोन घेतलेत की आख्यानाची वेळ गेलीच म्हणून समजा.

आख्यानाचे मुक्काम तीन. १९२८ मध्ये कॅनडाला जाणाऱ्या जहाजावर बख्तसिंग उपासनेला बसले, तिथे त्यांनी पहिल्यांदा गुडघे टेकले. डिसेंबर १९२९ मध्ये विनिपेगला नवा करार हाती आला आणि योहान ३:३ मधल्या ‘खचित खचित’ या शब्दांपाशी ते थबकले. हे दोन शब्द झीलकऱ्यांना, म्हणजे मागे साथीला गाणाऱ्यांना, धरायला द्या, पण चाल साधी ठेवा. १९३२ चा व्हँकुव्हरचा बाप्तिस्मा एका ओवीत उरका.

तिसरा मुक्काम आपल्या मुंबईचा, ६ एप्रिल १९३३. निम्मं आख्यान इथेच खर्च करा. बहुतेक बुवा जहाजावर आणि कॅनडात इतके रमतात की मुंबईला पोचेपर्यंत पाळकसाहेब घड्याळ बघू लागतात. आईवडील पंजाबातून मुलाला घ्यायला आले होते. घराण्याच्या अब्रूसाठी हा विश्वास गुप्त ठेव, एवढंच वडिलांचं मागणं. मुलाने ते मानलं नाही आणि दोघं त्याला इथेच सोडून परतले. वडिलांना खलनायक करू नका, आवाज चढवू नका. मागणं रास्त वाटलं तरच नकाराला वजन येतं. पदरचे संवादही घालू नका. पुढे वडीलही ख्रिस्ती झाले, पण ते भैरवीच्या आधी सांगा. इथेच सांगितलंत तर सगळा ताण निघून जातो. मद्रासचं १९४१ नंतरचं काम एका वाक्यात पुरे.

सरदारजींची नक्कल, हिंदीचा पंजाबी हेल, विनोद हे सगळं वर्ज्य. गुरू ग्रंथसाहिबाचा उल्लेख आला तर आदरानेच. शीव कोळीवाड्याला कीर्तन असेल तर शेजारची शीख घरंही ऐकत असतात.

पेटीची पट्टी बुवांच्या गळ्याप्रमाणे आधीच ठरवा. पावसाळ्यात तबल्याचं पान दमट हवेने सैल पडतं, सूर उतरतो. म्हणून उपासना संपल्यावर पुन्हा लावून घ्या, हातोडी जवळ ठेवा. चाळीच्या पटांगणात कार्यक्रम असेल तर लाऊडस्पीकरची पोलीस परवानगी आधी काढा आणि रात्री दहाला आवाज बंद करा. म्हणजे सुरुवात साडेआठच्या पुढे नको, कारण मांडणी आणि माईकच्या खटपटीत अर्धा तास सहज जातो.